पुस्तक कोणी धरायचं

गुरुवार, ता. २
संग्रहालयातून आलं: नाटकाची प्रत एक, मऊ तळाच्या चपला एक जोड (तिथल्या फरशीवर ओरखडे नकोत म्हणे). प्रत फुकट. चपलांचे आपणच भरायचे — तीन दिवसांचं दूध गेलं!
चार शनिवार मूर्तींच्या दालनात हे लोकांसमोर तालीम करणार. नाटक नाही, नुसती तालीम. कला घडते कशी, ते लोकांना बघायचंय. किती वर्षांनी ह्यांना कोणी बोलावलं! डॉक्टर काय म्हणाले, किती विसरायला होणार, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. देवा, एवढे चार शनिवार निभावून ने.

शनिवार, ता. ४
दिग्दर्शन करणारी पोरगी म्हणाली, काकू, घरी वाचता तशाच वाचा. लग्न झाल्यापासून ह्यांच्या समोरच्याची वाक्यं मीच वाचते, भाजी चिरता चिरता. नायिका मी, फौजदारही मीच. विळी तेवढी नेली नाही.
हे अडले की मी खोकते आणि पुढचा शब्द पुटपुटते. आज इतकी खोकले की शेजारच्या बाईनं खोकल्याची गोळी पुढे केली.

शनिवार, ता. ११
हे मधेच थांबले. मी खोकले, पुटपुटले, शेवटी मोठ्यानं सांगितलं. हे नुसते माझ्यामागच्या दगडी घोड्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडचं पाणी पळालं — आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! पोरगी धावत आली. काका, काय थांबलात! अगदी तस्संच ठेवायचं.
कसं ठेवणार? कोणत्या तोंडानं सांगू तिला?
घरी येताना हे म्हणाले, टाळ्या कशाला पडल्या गं?

सोमवार, ता. १३
जप करताना ह्यांची भाषणंच ओठावर येतात. देव रागावणार नाही. त्याला कारण ठाऊक आहे.

शनिवार, ता. १८
नको तेच झालं. तालीम सुरू होणार, तर हे जवळ आले, वाकून अदबीनं म्हणाले, "बाई, आपण नवीन का? नेहमी माझी बायको वाचते. येईलच ती."
मी म्हटलं, "त्या येईपर्यंत मी वाचते."
सगळं वाचलं. हे एक शब्दही बोलले नाहीत, दाराकडे बघत राहिले. लोक टिपणं काढत होते. पोरगी मात्र माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. "काकू, केव्हापासून?"
मी पुस्तक मिटलं.

रविवार, ता. १९
देवापुढे बसले. मागितलं काहीच नाही.

सोमवार, ता. २०
भांडी विसळताना सहज पुस्तक ह्यांच्या हातात दिलं. वाचायला लागले! माझी वाक्यं, खणखणीत. मी ह्यांची म्हणत गेले. एका जागी मी अडले, तर हे खोकले आणि हळूच शब्द सांगितला.

मंगळवार, ता. २१
पोरीला कार्ड टाकलं. लिहिलं ते असं —
चि. पोरी, शनिवारी माझ्या खुर्चीवर हे बसतील, पुस्तक ह्यांच्या हातात. समोर मी उभी राहीन. ह्यांच्या चपला मला मोठ्या होतात, अनवाणी चालेल का? उलट टपाली कळव.