दोन्ही तळहात

पणजी, ४ ऑक्टोबर २०२५

ति. अहो,
कंबरेमुळे साष्टांग जमत नाही, साधाच नमस्कार.

फोनवर आमोदचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता. पत्रात त्याचं नाव आहे हे कळायलाही ते आधी उघडावं लागतं, म्हणून लिहिते.

आपल्या चिरंजीवांनी आम्हाला दोन दिवस त्यांच्या रिसॉर्टमध्ये उतरवलं. आपली लेक स्वराली आणि नात साई पाण्याच्या घसरगुंडीवरून हलत नाहीत. मायलेकींत लहान कोण तेच कळेना. जेवायला पदार्थांची रांग, पण मी साधा वरण-भात मागितला तर स्वयंपाकी बाहेर येऊन मला बघून गेला. संध्याकाळी गाणी, नाच. कानात कापूस घालून पाहिलं, छान होतं.

तो पत्ते वाटतो तो कसिनो अजून पाहिला नाही. पुढचा आठवडा त्याच्या खोलीवर आहोत, तेव्हा जाईन. दिवाळीला त्याला रजा आहे. तीन वर्षांनी घरी येऊ का, असं तुम्हाला विचारतोय. काय सांगू?

गोळ्या घ्या. लोभ आहेच, थोडा त्याच्याही वाट्याला येऊ द्या.
आपली आनंदी

शनिवार पेठ, पुणे, ७ ऑक्टोबर

सौ. आनंदीस,
अ. आ.

पत्र पोचले. वरण-भातासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती. इथे सध्या मीच करतो आणि मीच नावे ठेवतो.

आयुष्यभर शाळेत मुलांना सांगितले, फुकटचा पैसा घेऊ नये. आमच्याच मुलाने जुगाराच्या टेबलावर नोकरी धरली. लहानपणी तो दोन्ही तळहात मला दाखवून मगच पानावर बसे. आता कुठले हात दाखवणार? त्याला काय सांगायचे ते तू ठरव.

प्रकृतीस जप.
श्यामसुंदर

पणजी, १० ऑक्टोबर

ति. अहो,
नमस्कार.

तुमचं पत्र आमोदला दाखवलं नाही. पण हातांचं लिहिलंत म्हणून सांगते.

काल कसिनोत गेले. लहान मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून स्वराली साईपाशी थांबली. गारठा एवढा की शाल लागली. आमोद काळ्या जाकिटात पत्ते वाटत होता. कामावर ओळख दाखवायची नाही म्हणे, त्यामुळे माझ्याकडे पाहून हसलासुद्धा नाही.

पाळी संपल्यावर त्याने टेबलावर दोन्ही हात पुढे केले, तळवे दाखवले, उलटे करून दाखवले, आणि मगच बाजूला झाला. बोटांत काही लपवलेलं नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं असतं. नवी मुलं विसरतात आणि बोलणी खातात. हा पहिल्या दिवसापासून विसरला नाही. साहेबांनी विचारलं, कुठे शिकलास? तर म्हणाला, घरी, बाबांनी लावलेली सवय आहे.

मला तिथेच रडू आलं. काय सांगायचं ते मी ठरवणार नाही. तुम्हीच त्याला लिहा.
आनंदी

शनिवार पेठ, पुणे, १३ ऑक्टोबर

चि. आमोद,
अ. उ. आ.

तुझ्या नोकरीबद्दलचे माझे मत तेच आहे. दिवाळीत त्यावर भांडू, रजा पुरेल. आईचे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. चष्म्याचा नंबर वाढला असावा, शेवटची अक्षरे दिसेनात.

तू यावेस असे मला वाटते. फार वाटते.

लक्ष्मीपूजनाला तुझे पान मांडतो आहे. बसण्याआधी हात दाखवावे लागतील. तिथे कॅमेरा पाहतो, इथे मी पाहीन.

लोभ होताच, सांगायचा राहिला होता.
बाबा