चारशे बारा ब्रश आणि गल्लीचा म्हातारा

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. सकाळी आईबरोबर कबरस्तानात गेलो. बाबांच्या कबरीच्या कोनाड्यावर फुलं, या दिवसाची नेहमीची जांभळी पेज, पावाच्या बाहुल्या. तिथेच उभ्या उभ्या शपथ घेतली. यंदा गल्लीचा म्हातारा मी काढणार. बाबांनी तीस वर्षं काढला. सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर, कोळशाने. आम्ही झोपायला जायचो तेव्हा कागद कोरा असायचा, सकाळी उठलो की टेबलावर म्हातारा तयार. मग त्या चित्रावरून पुतळा बांधायचा आणि ३१ डिसेंबरला सरत्या वर्षाबरोबर जाळून टाकायचा. बाबा गेल्यापासून दोन वर्षं आमची गल्ली बाजारातला तयार पुतळा जाळते. गुडघ्याएवढा. गेल्या वर्षी पलीकडची गल्ली हसली. सगळ्या ग्वायाकिल शहरात एवढा बुटका म्हातारा कुणी जाळला नसेल.
रक्तात कला आहे, ती वाया जाऊ देणार नाही, असं आईला म्हटलं. ती फुलांचं पाणी बदलत राहिली. तिला कलेतलं फारसं कळत नाही.

५ नोव्हेंबर
कोपऱ्यावर निल्साबाईंच्या दुकानात गल्लीची बैठक. मी जाहीर केलं: चार मीटरचा इग्वाना सरडा, डोक्यावर मुकुट, मोटरसायकलवर स्वार. संपूर्ण डिजिटल. टाळ्या. पुतळा बांधणारे सेगुंदो मास्तर म्हणाले, बांधायला तीन आठवडे लागतात, चित्र १ डिसेंबरला हातात हवं. मी म्हटलं, २० नोव्हेंबरलाच देतो.
समोरच्या फाउस्तोने विचारलं की इग्वानाच का. बस चालवणाऱ्या माणसाला एवढी चौकशी कशाला? त्याची मेव्हणी पलीकडच्या गल्लीत राहते. नोंद करून ठेवतो.

६ नोव्हेंबर
आधी सॉफ्टवेअर. पाया पक्का हवा. 'ट्रासो' घेतलं. यात रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही. चार मीटरला हेच योग्य. महिनाभर ट्रायल. उद्यापासून काम.

९ नोव्हेंबर
ट्रासोची रेघ फार गुळगुळीत. इग्वाना साबणासारखा दिसेल. बाबांचा कोळसा असा नव्हता. 'लिएन्सो' घेतलं, त्यात कोळशाचेच एकवीस ब्रश आहेत. शिवाय लोकांनी बनवलेले ब्रश उतरवून घेतले. एकूण चारशे बारा. नावांप्रमाणे लावायला दोन दिवस जातील.

१३ नोव्हेंबर
लिएन्सोत चित्र ठिपक्यांचं असतं, मोठं केलं की डोळ्याच्या जागी फरश्या दिसतात. म्हणून कागदच चार मीटरचा उघडला. टॅब्लेट तव्यासारखा तापला. फ्रिजमध्ये चीजशेजारी ठेवला. आईने बाहेर काढला आणि म्हणाली, जेवायच्या वस्तूंत हे नको. माझ्या कामाला घरातूनच विरोध आहे.

१७ नोव्हेंबर. दुपारी
एक भयंकर गोष्ट लक्षात आली. मी वाकडी रेघ काढतो आणि लिएन्सो ती सरळ करतं. म्हणजे चित्र नक्की कोण काढतंय? उद्या कंपनी म्हणाली इग्वाना आमचा, तर? सरळ करण्याची सोय बंद केली. मग फारच वाकडी आली. दोन बोटांनी टिचकी मारली की रेघ पुसली जाते, तशी पुसली. सोय परत चालू केली. पण पाळत ठेवून आहे.

२० नोव्हेंबर
सेगुंदो मास्तर विचारायला आले. सांगितलं, संशोधन चालू आहे. आतापर्यंत चित्राचे एक्केचाळीस लेयर, म्हणजे थर झाले. त्यांनी विचारलं, त्यांवर काय आहे? असा प्रश्न फक्त बाहेरचा माणूस विचारतो.

२२ नोव्हेंबर
टॅब्लेटच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. फाईल इंटरनेटवर ठेवणं बंद. सत्तावीस अक्षरांचा पासवर्ड लावला. कुठेही लिहून ठेवला नाही, इथेसुद्धा नाही. चोर फार झालेत.

१ डिसेंबर
ठरल्याप्रमाणे मास्तरांकडे गेलो. चित्र नाही, पण रंग ठरवून दिले. सात प्रकारचे हिरवे. मास्तरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. मग विचारलं, डोकं कुठल्या बाजूला आहे? मी समजावलं की आधी भाव, मग आकार. त्यांनी ८ तारखेपर्यंत मुदत वाढवली. तोंडावर कसलाच भाव नव्हता. पाणी कुठेतरी मुरतंय.

६ डिसेंबर
ट्रासोची ट्रायल संपली. लिएन्सोची परवा. बाबांच्या नावाने नवीन ई-मेल काढला, पुन्हा महिनाभर फुकट. सगळं काम त्या खात्यात हलवलं, पासवर्ड सगळीकडे तोच ठेवला. स्वर्गातून मदत मिळाल्यासारखं वाटलं. डोळे भरून आले.

८ डिसेंबर
शेपूट झालं! मास्तरांना दाखवलं. निल्साबाईही तिथे होत्या. शेपटावर माझे नऊ दिवस गेलेत, खवलान् खवला वेगळा आहे. बाई मला म्हणाल्या, "वॉशिंग्टन, शेपूट जाळून वर्ष जात नसतं रे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं. आज ब्रश वाईट, उद्या टॅब्लेट वाईट."
मी १५ तारीख दिली. कुणी मुदत मागितली नव्हती, मी आपणहून दिली. यावरून दानत दिसते.

१० डिसेंबर
दुकानात मीठ आणायला गेलो. आत मास्तर, फाउस्तो, निल्साबाई आणि पाचसहाजण. मी शिरताच गप्प. फाउस्तो छताकडे बघू लागला. बाईंनी मीठ दिलं आणि अचानक विचारलं, पेन कुठल्या हातात धरतोस? डाव्या, म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डाव्या हाताची चाल कळली की माझी शैली चोरता येते. आता सगळं स्पष्ट झालं. हे लोक पलीकडच्या गल्लीला विकले गेलेत.

१२ डिसेंबर
फाउस्तोने माझा नारिंगी चौकड्यांचा जुना शर्ट मागितला. म्हणे बसचं इंजिन पुसायला. त्या शर्टावर मी रंग जुळवताना कॉफी सांडली होती, डाग पाहून रंगसंगती ओळखता येते. मी नाही म्हटलं. संध्याकाळी पाहतो तर दोरीवर शर्ट नाही. आईनेच देऊन टाकला. घरचा भेदी म्हणतात तो हाच.

१४ डिसेंबर
आई रोज माझ्यासमोर वाटाणे सोलत बसते. वाटाण्याकडे नजर नसते, माझ्याकडे असते. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आज तर म्हणाली, "मान जरा खाली घाल ना, नेहमी घालतोस तशी." कशाला, विचारलं तर म्हणाली, काही नाही, उजेड पडतोय. तिला बजावलं की काम करताना समोर बसायचं नाही आणि मागेही उभं राहायचं नाही. कॉफी दाराशी ठेवायची. ती गेली. जाताना पुन्हा एकदा वळून बघितलं.

१५ डिसेंबर
मुदत. पण लिएन्सोचं अपडेट आलं आणि सगळे ब्रश नावांऐवजी तारखेप्रमाणे लागले. हा अपघात नाही.

१८ डिसेंबर
मास्तर भेटले. टेपने माझं डोकं मोजलं! नाताळला टोपी देणार म्हणे. मग नाकही मोजलं. टोपीला नाक कशाला लागतं?
त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी उंच उभं आहे. म्हणजे माझा इग्वाना चोरून बांधताहेत, शेपटावरून उरलेलं ताडून. पुरावा गोळा करतो.

२१ डिसेंबर
माझी एक चप्पल गायब. तुटक्या पट्ट्याची, डावी.

२४ डिसेंबर
जेवताना आईची बोटं काळी दिसली. विचारलं. म्हणाली, पातेलं घासलं. पातेलं चकचकीत होतं, मी जाऊन पाहिलं. शेगडीच्या कोळशाची पिशवीही हलकी झालीय. आई आता खोटंही बोलायला लागली. कुणी फितवलं असेल तिला? वाईट वाटलं. डुकराची तंगडी मात्र उत्तम झाली होती.

२७ डिसेंबर
कुंपणावरून ताडपत्रीखाली डोकावलो. होडीएवढी चप्पल दिसली. पट्टा तुटलेला. वर नारिंगी चौकड्या. म्हणजे या गाढवांनी माझ्या इग्वानाला चप्पल आणि शर्ट घातला! चोरलं ते चोरलं, वर वाटोळंही केलं. राजा असा असतो?
ठरवलं. खरा इग्वाना पूर्ण करून ३० ला सगळ्यांच्या तोंडावर फेकायचा.

२९ डिसेंबर
दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे एकदाच जेवलो. डोकं झालं, मुकुट झाला. मोटरसायकलचं एक चाक झालं. उरलेलं चाक तेच उलटवून ठेवलं. पूर्ण! आणि खरं सांगतो, सुंदर आहे. बाबा असते तर खांद्यावर हात ठेवला असता.

३० डिसेंबर. सकाळ
पासवर्ड आठवत नाही.

३० डिसेंबर. दुपार
नव्वद वेळा टाकून पाहिला. नवीन पासवर्ड बाबांच्या नावाच्या ई-मेलवर पाठवला आहे, असं लिएन्सोवाले सांगतात. त्या ई-मेलचाही पासवर्ड तोच आहे.

३० डिसेंबर. संध्याकाळ
मास्तरांकडे गेलो. म्हटलं, चित्र आहे, फक्त उघडत नाही. ते म्हणाले, "राहू दे पोरा, आमचं झालंय." किती प्रेमाने म्हणाले. मी बोलायला गेलो होतो ते सगळं विसरलो.

१ जानेवारी
लिहायला हवं.
काल सकाळी दहाला ताडपत्री काढली. इग्वाना नव्हताच. खुर्चीवर बसलेला चार मीटरचा मी होतो. मान खाली, नारिंगी शर्ट, डावी चप्पल तुटकी, डाव्या हातात पेन. मांडीवर टॅब्लेट, त्यावर कोरा पांढरा कागद. आणि कागदाच्या कोपऱ्यात एक हिरवं शेपूट.
फाउस्तो काळा झगा घालून, ओठ रंगवून, रिवाजाप्रमाणे म्हाताऱ्याची विधवा झाला होता. येणारीजाणारी प्रत्येक गाडी अडवून ऊर बडवत होता. "उद्या देतो म्हणाला होता हो! मला उद्याच्या भरवशावर टाकून गेला!" लोक हसून चिल्लर टाकत होते. पलीकडची अख्खी गल्ली बघायला आली. कुणी आम्हाला हसलं नाही. फक्त मला हसले.
रात्री जाळण्याआधी निल्साबाईंनी दरवर्षीप्रमाणे म्हाताऱ्याचं मृत्युपत्र वाचलं.
"ब्रश ठेवतो चारशे बारा, रेघ मात्र एक नाही,
शेजाऱ्यांनो, माफ करा, उद्या नक्की, आज नाही."
मी घरात पळून जाणार होतो. पण पुतळ्यावरून नजर हटेना. मान ज्या कोनात खाली होती, ती माझीच मान होती. खालचा ओठ दाताखाली. मी असा बसतो हे मलाच ठाऊक नव्हतं. बघणाऱ्याला राग आला असता तर पुतळा वेगळा झाला असता. हा रागाने काढलेला नव्हता. मास्तरांना विचारलं, चित्र कुणी काढलं? त्यांनी घरातून गुंडाळी आणली. सिमेंटच्या पोत्याचा कागद, कोळसा. बाबांचीच रेघ. अंगावर काटा आला.
आई शेजारी उभी होती. म्हणाली, "तुझे बाबा पुतळ्याचे सांगाडे बांधायचे. कोळसा त्यांनी कधी हातात धरला नाही."
तीस वर्षं? विचारलं. हो म्हणाली. लोक त्यांचं नाव घ्यायचे, त्यांना बरं वाटायचं, तिलाही चालायचं. मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "तू विचारलंस कधी? मागे उभी राहू नको म्हणालास."
बारा वाजता मी जळालो. आधी शर्ट गेला, मग टॅब्लेट. नाक शेवटपर्यंत टिकलं. मी रडत होतो, पण सगळ्यांना धूर लागला होता, त्यामुळे खपून गेलं.

२ जानेवारी
आईला म्हटलं, शिकव. तिने टेबलावर पोत्याचा कागद पसरला, कोळशाचा तुकडा दिला आणि समोर वाटाणे सोलत बसली. तिने तिचाच चेहरा काढायला सांगितलं होतं.
पहिलीच रेघ चुकली. नाकाची.
सवयीने कागदावर दोन बोटांनी टिचकी मारली. रेघ गेली नाही. पुन्हा मारली. आईने वाटाण्यांतून वर बघितलं आणि म्हणाली, असू दे, माझं नाक तसंच आहे.