ऋचाची पांढरी वाइन

२६ ऑक्टो., रविवार. सेलू
सकाळीच ऋचाचा नाशिकहून फोन. तिने बनवलेली पहिली वाइन दुकानात लागली. पांढरी, साध्या पगारदाराला परवडेल अशी. पोरीचा आवाज नुसता उड्या मारत होता. मी म्हटलं, एक बाटली इकडे घेऊन ये. तर हे पेपरातून मान वर न करता, "आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे." सगळी नोकरी तहसिलीत काढली, नियम तोंडपाठ. पण खरं कारण ते नाही. नातेवाइकांत ह्यांनी सांगून ठेवलंय, पोरगी फळांच्या रसाच्या कंपनीत आहे.

२८ ऑक्टो., मंगळ.
जिल्ह्यातल्याच तळेगावच्या स्थळाचा निरोप आला. मुलगा पुण्यात नोकरीला, ऋ.चा फोटो पसंत. ९ तारखेला त्याचे आईवडील घर पाहायला येणार. हे खूश, आणि तेवढेच घाबरलेले. मला बजावलं, कंपनीचं काही बोलू नको. मी म्हटलं, आधी ती काय करते ते तर बघून येऊ, माझ्या शाळेला दिवाळीची सुटी आहेच. वाटलं भडकतील. संध्याकाळी वर्ध्याहून तिकिटं काढून आले.

३१ ऑक्टो., शुक्र. नाशिक
ऋ.ची कंपनी पाहिली. स्टीलच्या उंच टाक्या. ती शिडीवर चढून एकेक तपासत होती. हे खालून बघत उभे, मान दुखेपर्यंत.
रात्री जेवण तिच्या घरी. मी बेसनवड्यांचा, पातोडीचा रस्सा केला, आपल्याकडचा, नाकातून पाणी काढणारा. ऋ.ने फ्रिजमधून बाटली काढली. ग्लास पाण्याचेच. पहिला घोट आंबट, मग पेरूचा वास, मागून किंचित गोड. पेटलेली जीभ निवते आणि परत रस्सा हवासा वाटतो. मी दोनदा घेतली. कान गरम. मजा आली, कशाला लपवू.
हे बराच वेळ ग्लास नुसताच फिरवत. मग एक घोट. ऋ. त्यांच्या तोंडाकडे बघत.
"कडू नाई." आणि थोड्या वेळाने, "हे तू केलं?"
"हो, बाबा."
ग्लास संपवला. मग द्राक्षं कधी तोडतात, टाकी गार कशाला ठेवतात, किती प्रश्न! इतकं दोघं शेवटचं कधी बोलले, आठवत नाही.

९ नोव्हें., रवि. सेलू
पाहुणे आले. माणसं साधी, घरची शेती. पोहे, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी विचारलं, कंपनी कायची आहे. माझ्या हातात ट्रे तसाच.
"वाइनची," हे म्हणाले. "माही पोरगी बनवते. म्या तिच्या घरी जेवताना पेलो बी."
मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या गावात सांगाले जड जाईन."
"मलेही जड गेलं. पण खोटं सांगून सोयरीक नाई जमवत मी."
पाहुणे जरा लवकरच उठले. निघताना मुलाच्या आईने माझा हात दाबला. तेवढंच. हे संध्याकाळभर अंगणात. जेवायला बोलावलं तर आले, आणि नीट जेवले.

१२ नोव्हें., बुध.
तळेगावहून काही नाही. शाळा सुरू. सोबतच्या बाईंनी विचारलं, स्थळाचं काय. कळेल म्हटलं.

१४ नोव्हें., शुक्र.
ऋ.चा फोन. मुलाने स्वतःच तिला फोन केला म्हणे. घरी वडील अजून नाहीच म्हणून राह्यले, पण तो रविवारी पुण्याहून नाशिकला येतोय. हिने त्याला जेवायलाच बोलावलं. घाबरली आहे. "आई, त्याने वाइन घेतलीच नाही तर?"
"मग पाणी दे. तुझ्या कामाचं काही विचारतो का, ते पाहून घेजो."
हे बाजूलाच उभे. माझ्या हातातून फोन घेतला.
"बाटली दुपारीच गार कराले ठेवजो."