कावळ्यासमोरची जलेबी

प्रिय सुमन,

आज तुझा दहावा. घाटावर निघतानाच तुझ्या फोनवर त्या पथ्याच्या ग्रुपचा निरोप आला, 'सुमनजी, आज भी आपकी थाली की फोटो नहीं आई।' म्हणून आता लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाशी भांडू?

तो ऑनलाइन ग्रुप पहिल्यापासून माझ्या डोळ्यांत खुपतो. आपल्या दोघांची शुगर काठावर आली, पुण्याहून लेकीने, वीणाने, दोघांची नावं घातली आणि घरात एक परकी बाई शिरली. कोच म्हणे. नातीच्या वयाची, नि आपल्या भातावर तिचा हुकूम.

तू मात्र हरखलीस. शाळेत आपण कविता पाठ करायचो, तसं तू 'आधी कोशिंबीर, मग डाळ, भात शेवटी' घोकलंस. राजवाड्यावर रविवारचे पोहे-जलेबी बंद. स्कूटरला टेकून, पाकाची बोटं चाटणारी सुमन कुठे गेली गं? एकदा मी चोरून खाऊन आलो, तर सकाळच्या व्हिडिओ कॉलवर, पडद्यावरच्या सगळ्या चौकटींसमोर म्हणालीस, "मॅडमजी, इनसे पूछो, मूँछ पे चाशनी काय की है?" सगळे हसले. मी नाही.

बरं, शुगर उतरली की तुझी. नेलं ते डेंग्यूने. एवढं मन मारून काय मिळवलंस?

म्हणून आज घाटावर पिंडाशेजारी जलेबी ठेवली. फोटो काढून तुझ्याच फोनवरून ग्रुपला धाडला. बाईंचं उत्तर लगेच, 'सुमनजी, ये क्या? आप तो हमारी स्टार हैं।' त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मीही नाही. मी लिहिलं, 'वो नहीं रहीं। अब तो खा लेने दो।'

कावळा मात्र शिवेना. वीणाला अंतर देणार नाही म्हणालो, तुळशीला पाणी घालीन म्हणालो. छे, फांदीवर मान वाकडी करून बसलेला. तुझा भाऊ म्हणाला, "दाजी, तिचं काहीतरी अटकलंय. बोलून टाका ना यार."

मला ठाऊक होतं काय अटकलंय. दातओठ खात म्हणालो, "ग्रुप सोडणार नाही."

उतरला. आणि आधी जलेबीच उचलली.

म्हणजे जलेबी तुला, पथ्य मला. गेल्यावरही तुझंच खरं.

असो. शब्द दिलाय, पाळीन. उद्या सकाळी त्या चौकटीत बसेन, कोशिंबीर आधी खाईन. पण त्या बाईंना हसून नमस्ते म्हणणार नाही. तेवढं तरी माझं राहू दे.

तुझाच, अजून रागावलेला,
वसंत