शुक्रवारचं पानी आनि रविवारची चूल

लिवून ठेवनार बनाबाई, भ्रतार ख्रिस्तवासी ज्योतिबा रनभिसे, वय साठीच्या अल्याड का पल्याड ते आईला ठावं, धर्म ख्रिस्ती, धंदा शेती आनि मान्सांची खोड काढनं, राहनार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सातारा.

कारनं लिवून ठेवते ती अशी की, माझं डोकं ठिकानावर हाय. गुडघं न्हाईत, पन मृत्युपत्र काय गुडघ्यानं लिवायचं नसतं. मला कुनी धाक घातला न्हाई, भूल घातली न्हाई. ल्योकानं सकाळी चहा दिला, तो बी बिनदुधाचा, त्याला भूल म्हनत न्हाईत. चार यत्ता शिकलीया. अक्षर माझं, चुका बी माझ्याच. कुनी सुधारू नयेत.

आज रविवार हाय आनि मी लिवायचं काम करतीया म्हनून कुनी नाक मुरडू नये. हे काम न्हाई, भांडान हाय. रविवारी भांडलेलं चालतं, आमच्या येशूच्या देवळाच्या पायरीवर दर आठवड्याला बगतीया.

कलम पयलं. विहिरीखालचं उसाचं रान माझा एकुलता एक ल्योक लालासाहेब याला. पोरगा गुनाचा हाय. पलटनीतनं आल्यापास्नं सारखा 'फटाफट' म्हनतो, तेवढं सोडलं तर खोट न्हाई.

कलम दुसरं. विहिरीच्या पान्यातली आमची शुक्रवारची पाळी. ही लालासाहेबाला न्हाई. ही माझी सून शालूबाई हिला. का, ते नीट वाचा.

माझ्या मालकांनी बाप्तिस्मा घेतला तवा थोरलं दीर नाथाजी भावजी येगळं निगालं. विहीर सामाईक. पंचांनी वारावर पाळ्या वाटल्या. भावजी लय मायेनं म्हनलं, "धाकटा हाय, त्याला रविवार द्या." पंच मिशीत हसलं. मालकांनी हात जोडून रविवार घेतला, कारन देवानं दिलेला वार म्हनून त्यांना लय आवडायचा. आनि त्याच वारी मोट धरायची न्हाई असा त्यांचा नेम. मग काय, आमी देवळात गानी म्हनायचं आनि आमच्या पाळीचं पानी भावजींच्या उसात. वाया कशाला घालवायचं, असं त्यांचं म्हननं. त्यांचा ऊस घरावर गेला. आमचा बगून शेरडं बी तोंड फिरवायची.

मंडळीतली मान्सं मालकांना इस्वासाचा खांब म्हनायची. मी काय म्हनायची ते कायद्याच्या कागदावर लिवता येत न्हाई.

शेवटी मी बांध ओलांडून चांदसाहेब मुलानींकडं गेले. त्याच विहिरीवर त्यांची पाळी शुक्रवारची. अर्धी मोट सोडून नमाजाला गावात जायचं आनि येईस्तवर बैलांनी कडवाळ खाल्ल्यालं असायचं. मी म्हनलं, "दादा, तुमी बी देवाचं नाव घेताय, आमी बी घेतोय, आनि ऊस भावजींचा वाढतोय." दादा हसून हसून बांधावर बसलं. दुसऱ्याच दिशी पंचांम्होरं शुक्रवार आमचा, रविवार त्यांचा. तवापास्नं भावजी मला बगून रस्ता बदलत्यात.

कलम तिसरं. नाथाजी भावजींना माझी फाटकी मोट. तिच्यात जेवढं पानी राहील तेवढं त्यांचं.

कलम चौथं. बैलजोडी लालासाहेबाला. बैलांना रविवारी जुपायचं न्हाई, हे सांगायची गरज न्हाई. मालक व्हते तवा रविवारी बैलांना धुवायचं, शिंगं पुसायचं, पेंड घालायचं. मी चुलीम्होरनं बगायची आनि मला बैलांचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू.

आमच्या घरचा रविवार असा. कोंबडं आरवायच्या आदी मी उठायची. कोंबडं त्यानंतर आरवायचं न्हाई, कारन ते कालवनात असायचं. मसाला वाटायचा, भाकऱ्यांची चवड लावायची, धावत देवळात जायचं. देवळातनं मालक पाळकसाहेबांना आनि आनखी कोन भेटंल त्याला जेवाय घिऊन यायचं. जेवून समदी लिंबाखाली आडवी व्हायची आनि अर्ध्या झोपंत इस्रांतीवर बोलायची. मी कोपरापतोर राखंत.

एकदा मी पाळक सयाजीमास्तरांना इचारलं. बायबलातल्या चौथ्या आज्ञंत घरधन्याला इस्रांती हाय, ल्योकाला हाय, लेकीला, गड्याला, मोलकरनीला, बैलाला, परक्या पाव्हन्याला बी हाय. बायकूचं नाव कुठं हाय?

मास्तर हुशार. म्हनलं, "बनाबाई, आज्ञंत 'तू' म्हनलंय, त्या 'तू'मंदी तुमी बी आलासा."

"मग आज मी बसते. तुमची भाकरी?"

"देव पुरवंल."

"आजपतोर त्यानं माझ्याच हातानं पुरवलीया, मास्तर."

मास्तर हसलं, आनि दुसरी भाकरी मागितली.

आता खरं सांगते. इस्रांती काय असती ते मला एकदाच कळलं. मालकांना माती दिली त्याच्या फुडचा रविवार. सुतकाचं घर, म्हनून मुलान्यांच्या घरनं जेवान आलं. मी उंबऱ्यावर बसले. हात मांडीवर. आंगनात चिमन्या दानं टिपत व्हत्या. लय दिसांनी मला आटवलं की चिमन्या असत्यात. देव बी समदं करून झाल्यावर असाच बसला असंल, केलेलं बगत, असं वाटलं. पन त्या एका रविवारापायी मला नवरा द्यावा लागला. शालूला तो एवढा महाग पडू नये.

आनि तसंच चाललंय. लालासाहेब बापाच्या वळनावर गेला. मागच्या म्हयन्यात मास्तरांनी इस्रांतीवरच उपदेश केला. समदी मंडळी ताठ बसून ऐकत व्हती, एकट्या शालूनं तो अमलात आनला. भिंतीला टेकून अशी घोरली की मास्तरांना दोनदा थांबावं लागलं. पोरीला सातवा म्हयना लागलाय. घरी आल्यावर लालासाहेब म्हनला, "चारचौघांत मान खाली घालाय लावलीस." ती म्हनली, "मी ऐकत व्हते, नुसतं डोळं मिटलं व्हतं," आनि आठ मान्सांच्या भाकऱ्या थापाय बसली. भाकरी थापता थापता तिची मान पुन्यांदा काठवटीत गेली. कपाळाला पीठ लागलं. ल्योक हसला. मी बी हसले. मग मला हसू यायचं बंद झालं.

म्हनून कलम पाचवं, आनि ह्याच्यापायी हा कागद. चूल, तवा, काठवट, जातं आनि धान्याच्या कनगीची किल्ली शालूबाईच्या मालकीची. तिच्या चुलीवर तिच्या इच्छेबिगर रविवारी कुनाचा बी हक न्हाई. शनवारची भाकरी चटनीसंगट खावी. न्हाईतर पुरुषांनी थापावी, हात त्यांना बी दिलेत. पाव्हन्यांनी यावं, आपली भाकरी घिऊन यावं. मास्तरांनी बी.

लालासाहेबानं ही अट मोडली, तर त्या फुडची शुक्रवारची पाळी नाथाजी भावजींच्या उसाला. हे वाचून भावजी रविवारी मुद्दाम जेवाय येतील. त्यांना बी शिळीच घालावी.

कलम सहावं. माझं लुगडं-चोळी थोरल्या जावंला. तिला ते आवडायचं न्हाई म्हनूनच.

एवढं लिवून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं. साक्षीला दोघं बोलावल्यात, दोघांना वाटलं जेवाय बोलावलंय. लालासाहेब पयल्यांदा रागावला. म्हनला, "आई, मला पान्यावाचून मारतीस व्हय?" मी म्हनलं, "पानी तुझ्या हातात हाय. पीठ फकस्त तिच्या हातात नगं."

तो मग म्हनला, "हे तू मेल्यावर लागू हुनार. आजचं काय?"

मी म्हनलं, "आज मी जिती हाय, कायदा तुझ्या बाजूनं हाय. जा, उठीव तिला."

शालू आतल्या खोलीत झोपलीया. देवळातनं आल्यावर मीच तिला आडवी केली. लालासाहेब दारापतोर गेला. आत डोकावला. आनि मग चुलीकडं वळला. आता घरभर धूर झालाय. मास्तर फुंकनी घिऊन त्याच्या शेजारी बसल्यात, चांदसाहेबदादा पीठ किती घ्यायचं ते दोघांना सांगत्यात आनि चुकीचं सांगत्यात. पयली भाकरी बैलाच्या कानागत झाली. मी उंबऱ्यावर बसून लिवतीया.

हे समदं राजीखुशीनं लिवलंय. मी मेल्यावर हा कागद लागू व्हईल. पन आज, मी जिती असताना, एकच सांगनं: ती आपनहून उठेस्तवर कुनी बी मोठ्यानं बोलू नये.

सही: बनाबाई ज्योतिबा रनभिसे, स्वहस्ते

साक्ष १: चांदसाहेब मुलानी. बोटाला पीठ हाय, डाग त्याचा समजावा.
साक्ष २: सयाजी येशुदास, पाळक. उपाशीपोटी, पन शुद्धीवर.

मुक्काम आष्टा, रविवार, तारीख २ फेब्रुवारी १९४७