आईला न सांगितलेला धडा

पप्पा, आईनं बाप्तिस्मा घ्यायला नकार दिला. गेल्या रविवारी, खांदेश्वरला माझ्या घरी, पलंगावर उशीला टेकून बसल्या बसल्या. मंडळीचे नवे पाळक उपासना आटोपून आले होते. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. तरुण आहेत, मऊ बोलतात. आईचं हृदय आता थकलं आहे आणि डॉक्टर पुढच्या महिन्याचं काही बोलत नाहीत. हे तुम्हाला कळवणारं दुसरं कोणी नाही. शिवाय मला तुमच्याशी भांडायचं आहे, ते तुम्ही होतात तेव्हा राहून गेलं.

नेरूळचं घर आठवा. एक खोली, स्वयंपाकघर, मध्ये पडदा. आठवडाभर तुम्ही शिरवण्याजवळच्या कारखान्यात काचेच्या बाटल्या उजेडासमोर धरायचात: चांगली, दुय्यम, फोडून टाकायची. रविवारी दुपारी त्या खोलीत आमची संडे स्कूल भरायची. उंबऱ्यावर चपलांचा ढीग, म्हणून दार उघडंच राहायचं. तुम्ही शिकवायचात की स्वर्गात सगळे सारखे नसतील. कुणाला मुगुट मिळेल, कुणी जळत्या घरातून निसटावं तसा कसाबसा आत येईल. नरकातही तसंच. धन्याची इच्छा ठाऊक असून जो चाकर ती मोडतो त्याला पुष्कळ फटके, ज्याला ती ठाऊकच नव्हती त्याला थोडे. नाताळाआधीची बक्षिसंही तशीच असायची. वचनं पाठ असतील त्याला स्टीलचा डबा, त्याच्या खालच्याला पेला, बाकीच्यांना चमचा. डबा मला मिळायचा. शेजारच्या इमारतीतली एक मुलगी दरवर्षी चमचा घेऊन जायची. एकदा ती म्हणाली, "सर, चमचे खूप झाले. यंदा वरण द्या." तुम्ही हसला नाहीत. पडद्यामागून आई हसली.

फटक्यांचा धडा वर्षातून एखाददुसऱ्या वेळी यायचा. तो सुरू करण्याआधी तुम्ही पडद्याकडे वळून म्हणायचात, "अगं, जरा कोथिंबीर आणतेस?" आई पिशवी घ्यायची, चपला ओलांडायची, खाली जायची. त्या संध्याकाळी हमखास कोथिंबीर वडी. मला त्या धड्याला अजूनही तळणीचा वास येतो.

आईचे वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे. तुमचं लग्न रजिस्टर झालं. नाताळला आई चर्चमध्ये यायची, शेवटच्या बाकावर बसायची. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी तिच्या वडिलांनी दिलेला खंडोबाचा टाक होता. मंडळीतले लोक चहाला आले की कुणीतरी म्हणायचंच, "सर, जगाला शिकवता आणि घरात खंडोबा." तुम्ही म्हणायचात, "चहा घ्या, निवतोय."

मी चौथीत असेन. आई चपात्या करते आहे, मी ओट्याला टेकून तिला धडा सांगायला लागते. आई, तुला माहितेय का, ज्याला माहीत असतं त्याला... तुम्ही आत येता, माझं मनगट धरून मला गॅलरीत नेता. बोटांची पकड अजून आठवते. "हे तिला सांगायचं नाही. कधीच नाही." मी विचारलं, का? तुम्ही म्हणालात, "तिला नको."

मला वाटलं, आई दुय्यम आहे. उजेडासमोर धरून तुम्ही तिला बाजूला ठेवलं आहे. पुढे मी कॉलेजात गेले, चर्च सोडलं, आणि लोक म्हणाले की पुस्तकं वाचून पोरगी बिघडली. पुस्तकांचा त्यात काही दोष नव्हता. ज्या घरात सगळ्या इमारतीची पोरं शिकायला बसतात आणि एका बाईला शिकवण्याच्याही लायकीची समजत नाहीत, त्या घराचा धर्म मला नको होता. तुम्हाला पुरलं त्या दिवशी कबरीशी उभे राहून लोक तुमच्या मुगुटाबद्दल बोलत होते. आई मागे उभी होती, नाताळला बसायची तशीच, सगळ्यांच्या मागे.

आता रविवारचं सांगते. पाळक खुर्ची ओढून आईजवळ बसले. म्हणाले, आजी, सरांनी एवढ्या लेकरांना मार्ग दाखवला, तुम्हाला कदाचित नीट कुणी सांगितलं नसेल, तर मी सांगतो, मग बाप्तिस्मा घ्याल का? आई म्हणाली, "सांगू नगा. मला ठावं हाय समदं."

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे.

"हे मला कोथिंबिरीला धाडायचे," आई म्हणाली. "मी जिन्यात बसायची, पिशवी मांडीवर घिऊन. दार उघडंच असायचं. धडा सपला की मग पळत बाजारात. विचारायचे, एवढा वेळ? मी म्हणायची, जुडी चांगली नव्हती." सांगताना ती हसत होती, दम लागेपर्यंत.

मी विचारलं, मग त्यांना सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "मला ह्यातलं काय बी ठावं न्हाई, ह्याच्यावरच त्यांचा जीव थाऱ्यावर व्हता. कशाला मोडायचं?"

पाळक हळूच म्हणाले की आजी, मग तर जबाबदारी जास्त, ठाऊक असून नाही म्हणणं वेगळं. आईनं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. "माझ्या आईबापाला कुणी सांगितलंच न्हाई. त्यास्नी थोडे. मला पुष्कळ. बरोबर? मग घाला मला पुष्कळवाल्यांत. माझ्या आईबापाला थोडं का हुईना, पर जो मारनार, त्याच्या घरी मी पाव्हनी जायची न्हाई."

पाळकांनी तिच्या प्रकृतीसाठी प्रार्थना केली, चहा घेतला, गेले. मी कप विसळत होते आणि तुमची पकड परत मनगटावर आली. तेव्हा कळलं, तिला थोड्या फटक्यांत ठेवायचं म्हणून तुम्ही मला गॅलरीत नेलं होतंत.

पण मग तुमचं काय, पप्पा? सगळ्यांना सांगा, ही तुमच्या धन्याची इच्छा. तुम्ही वॉचमनला सांगितलंत, कारखान्यात बाटल्या खोक्यात भरणाऱ्या बायकांना सांगितलंत, इमारतीतल्या प्रत्येक पोराला सांगितलंत. एका माणसाला सांगितलं नाहीत, ठाऊक असून, आयुष्यभर. तुमच्याच धड्याप्रमाणे तुम्ही कुठल्या रांगेत? कोथिंबीर आण म्हणताना दर वेळी तुम्हाला हे माहीत होतं. तेव्हा मुगुटाचं मला कुणी सांगू नये.

ज्या न्यायापासून तुम्ही स्वतःच्या बायकोला लपवलंत, तो मी मानत नाही. आणि तुम्ही लपवलंत म्हणून तुम्हाला सोडणारही नाही. आईसाठी तुम्ही जिन्याची वाट काढलीत, आणि लोकांच्या लेकरांना मात्र खोलीत बसवून फटके मोजायला शिकवलंत. त्या चमच्यावाल्या मुलीलाही कुणीतरी कोथिंबिरीला पाठवायला हवं होतं. मला तर वचनं अजून पाठ आहेत. डबाही आहे, त्यात आईच्या गोळ्या ठेवते. अज्ञानाची सवलत मला नको. सगळं ठाऊक असून मी नाही म्हणते. रांग असलीच तर मी आईच्या मागे उभी राहीन. तुम्ही आमच्या आधीच तिथं असाल असं मला वाटतं, आणि आई तुम्हाला पहिल्यांदा हेच विचारेल की तुम्ही इथं कसे.

हे पत्र कुठं धाडायचं नाही. घरात ठेवलं तर आई वाचेल, म्हणून फाडीन. फाडायचंच आहे तर एक लिहून टाकते. पाळकांनी विचारलं आणि आईनं तोंड उघडलं, त्याच्या मध्ये थोडा वेळ गेला. तेवढ्या वेळात मला वाटलं, आई, हो म्हण. मी घाबरले होते, पप्पा. तुमच्याइतकीच.