हातावरचं दही

प्रिय आई,

हे पत्र पुण्याच्या एसटीत लिहितेय. अक्षर हलतंय, सांभाळून घे. परीक्षेला निघालेय, चव्वेचाळिसाव्या वर्षी, तेही स्पॅनिशच्या. हसलीस ना?

तू गेल्यावर राजारामपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांत संध्याकाळ सरेना. टीव्ही लावला की तुझी रिकामी खुर्ची दिसायची. म्हणून मोबाइलवर स्पॅनिशचा वर्ग लावला. भाषेची हौस होती, की रोज कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारावी एवढंच हवं होतं? अजून ठरवता आलेलं नाही.

परवा बाईंनी नशिबाचा शब्द शिकवला. स्वेर्ते. तिकडे कुणी परीक्षेला निघालं की 'स्वेर्ते' म्हणतात, नशिबाची साथ मिळो म्हणून. मग प्रत्येकाला विचारलं, तुम्ही नशीबवान का आहात ते सांगा. 'तेंगो स्वेर्ते', मी नशीबवान आहे, इथपर्यंत मी म्हणाले. पुढे 'कारण' म्हणायचं होतं. तिथे अडकले. बाई म्हणाल्या, परीक्षेत हे विचारतील, तयारी ठेवा.

दहावीच्या पहिल्या पेपरला निघताना मी तुला विचारलं होतं, दह्यानं नशीब बदलतं का गं? तू म्हणालीस, "नशीब कपाळात असतंय, दही हातावर. हात म्होरं कर." पुढे एम.ए. झाले, दही-साखरेला हसायला शिकले. पण निघताना हात पुढे करायचेच.

काल रात्री बॅग भरताना आठवलं, घरात दही नाही. तुझ्या दवाखान्याच्या धावपळीत विरजण नासलं आणि नंतर मी लावलंच नाही. एकटीसाठी कशाला लावायचं? पिशवीतलं आणता आलं असतं. पण आपलंच आपल्या हातावर कसं घालायचं? हे तू कधी सांगितलं नाहीस.

आणि 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे मला शिकवून तू स्वतः मात्र काहीच न बोलता गेलीस.

सकाळी कुलूप लावून उतरले. खालच्या मगदूमकाकूंच्या दारावरून पुढे गेले, फाटकापाशी थांबले, परत फिरले. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला उठवावं का? बेल वाजवली.

"काकू, परीक्षेला निघालेय. हातावर जरा दही घालता?"

"एवढ्यासाठी दारात उभारलीस व्हय? आत ये की. कसली परीक्षा?"

"स्पॅनिशची."

"ह्या वयात? नवरा तिकडचा बघिटलास का काय?"

हसत हसत त्यांनी चमचाभर दही माझ्या तळव्यावर घातलं, वर साखर. जिभेवर ठेवलं आणि मी तशीच थांबले. चव ओळखीची होती.

"वळखलीस? तुझ्या आईचं विरजण हाय. माझं नासलं तवा तिनंच वाटीभर दिल्तं. तवापास्नं हेच लावतोय आम्ही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रडायचं तर गाडीत रड. गाडी चुकंल."

"येते काकू," म्हणाले. कितीतरी महिन्यांनी कुणाला तरी 'येते' म्हणाले.

याला नशीब म्हणायचं का, आई? की हा तुझा शेजारधर्म, जो फिरून माझ्यापर्यंत आला? मला खरंच ठाऊक नाही. पण 'कारण'च्या पुढचं वाक्य आता माझ्याकडे आहे. ते स्पॅनिशमध्ये जुळवत बसलेय. विरजणाला शब्द सापडत नाही, पण सांगेन कसंही.

परत आल्यावर काकूंकडून चमचाभर विरजण आणीन. एकटीसाठी का होईना, रोज रात्री दही लावीन. आणि जिन्यातून कुणी परीक्षेला उतरताना दिसलं, तर त्यानं मागायची वाट बघणार नाही.

येते.

तुझी,
मीना